खिळ्यावरचा बिल्ला

त्या हंगामात गारा पडल्या आणि सगळ्या बागवाल्यांची एकदमच पळापळ झाली. मार लागलेलं फळ झाडावर ठेवून भागत नाही, म्हणून जो तो सफरचंदं उतरवून कोल्डाच्या दारात हजर. पाटीवर 'शीतगृह' असं लिहिलेलं होतं खरं, पण तिथं राबणाऱ्या कुणाच्या तोंडात तो शब्द कधी आला नाही. कोल्ड म्हणजे कोल्ड. पेट्या ओट्यावर मावेनात, हात पुरेनात. मुकादमानं मग कॉलेजातली पोरं धरून आणली. दुपारी वर्ग सुटला की यायचं आणि अंधार पडेपर्यंत आत पेट्या रचायच्या.

"शिकणारी पोरं बरी असतात," तो मालकाला म्हणाला. "दमत नाहीत, कुरकुरत नाहीत, आणि हंगाम सरला की न सांगता जातात."

त्या पोरांत तुरतुरी होती. हे काही तिचं नाव नव्हे. लहानपणापासून चालणं तुरतुर आणि तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून सगळे तिला तुरतुरी म्हणत. तिची आई तिथंच ओट्यावर, निवडीच्या टेबलाशी बसून डागी फळं वेगळी काढायची. आईला कोल्डात सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला जुना हमाल. दोन वर्षांपूर्वी पेट्यांची थप्पी त्याच्या कमरेवर आली आणि तो खाटेला खिळला. मालकानं त्याचा बिल्ला काढून बायकोच्या हातात ठेवला आणि तिला टेबलावर बसवलं. तोच बिल्ला, तोच आकडा. याला उपकार म्हणायचं, असं मुकादमानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आईनंही ते इतकं मनावर घेतलं की मुकादमाची सावली टेबलावर पडली तरी तिचे हात दुप्पट चालायचे.

बिल्ला म्हणजे काही सोन्याचा तुकडा नव्हता. पत्र्याची गोल चकती, वर कोरलेला आकडा, एक भोक. पण कोल्डात त्याच्यावाचून पान हलत नसे. आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवायचा आणि आत घालायचा जाड अस्तराचा कोट उचलायचा. बाहेर आलं की कोट परत, बिल्ला खिशात. खिळ्यावर एक जरी बिल्ला दिसला तरी दार नुसतं लोटायचं. सगळे खिळे रिकामे झाले की मग आतला दिवा घालवायचा, खटका पाडायचा आणि वर कुलूप. हे काम दारावरच्या मामांचं. मामा तिथंच म्हातारे झाले होते. आतून दार उघडायची दांडी मोडून किती काळ लोटला ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण कुणाला तिची गरजही पडली नव्हती. मामांची नजर आणि ते खिळे, एवढ्यावर सगळं चाललं होतं.

कॉलेजच्या पोरांना मात्र बिल्ले नव्हते. बिल्ला नाही म्हणून खिळा नाही, आणि खिळा नाही म्हणून कोटही नाही. पोरं आपापले स्वेटर घालून, कानाला फडकी बांधून आत शिरत आणि बोटं काखेत दाबून बाहेर येत.

तुरतुरीनं तिसऱ्याच दिवशी विचारलं. सगळ्यांसमोर, ओट्याच्या मधोमध उभी राहून.

"मुकादम, आम्हाला बिल्ले कधी मिळणार?"

"बिल्ले?" मुकादमानं भुवया कपाळात नेल्या. "अगं, बिल्ला कामगाराला असतो. तू कामगार आहेस का विद्यार्थिनी? गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र आहे ना, ते लटकव की खिळ्यावर! फोटो पण आहे छान."

सगळा ओटा खो खो हसला. आईही हसली. हसू कुठलं येतंय! मुकादमाची नजर टेबलावरून फिरत होती, म्हणून तिनं दात दाखवले. तुरतुरीनं ते पाहिलं आणि कानाला फडकं बांधून आत गेली.

ती बोलली घरी आल्यावर. चुलीपुढं बसून हात शेकता शेकता तिनं तोफखानाच सुरू केला. परीक्षा तोंडावर आली आहे, त्या दिवशी येता येणार नाही म्हटलं तर मुकादम म्हणतो, सुट्टी हवी तर कायमचीच घे. मधे बूड टेकायलासुद्धा देत नाही. कोट नाही.

"आमच्या बाई वर्गात सांगत होत्या," ती म्हणाली, "शिकत असलात तरी कामावर गेलात की तुम्ही कामगारच. बाकीच्यांना जी सुरक्षा, जी विश्रांती, ती तुम्हालाही. ते काही मेहेरबानी करत नाहीत. आपला हक्क आहे तो, आई."

"हक्क!" आईनं तवा आपटला. "त्या बाई येणार आहेत का आपली चूल पेटवायला? तू तोंड उघडलंस की तो माझ्याकडं बघतो. तुला नाही दिसत, मला दिसतं."

भिंतीकडं तोंड करून पडलेला बाप म्हणाला, "पोरगी खोटं नाही बोलत."

"तुम्ही तर गप्पच राहा! तुम्ही कमरेच्या भरपाईचं बोलायला गेलात आणि बिल्ला गेला. आता माझा घालवा, म्हणजे सुटलो सगळे."

  रात्री आईला झोप लागेना. पोरीची बोटं तिनं पाहिली होती, गारठ्यानं फुगून लाल झालेली. आणि पोरगी काही गप्प बसणाऱ्यातली नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. आज मुकादमाला विचारलं, उद्या थेट मालकाच्या खोलीत शिरेल.  सकाळी उठल्या उठल्या तिनं कनवटीचा बिल्ला सोडला आणि पोरीच्या हातात कोंबला.

"हा घे. मी टेबलावर बसते, मला आत जावं लागत नाही. माझा कोट पण घालत जा."

"पण आकडा तुझा आहे."

"आकडा कोण बघतंय मेलं! खिळ्यावर काहीतरी लटकलं म्हणजे झालं. पण आता तोंड बंद. शपथ आहे माझी."

तुरतुरीला ते पटलं नव्हतं. पण कोट ऊबदार होता, आणि आईची शपथ होती. चार दिवस छान चाललं. बिल्ला लटके, निघे, कुणी हूं की चूं केलं नाही. आईला वाटलं, बघा, नीट डोकं चालवलं की मार्ग निघतो. एवढी बडबड कशाला हवी होती!

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि फाटकाशी एक ट्रक चिखलात रुतला होता. मामा दार सोडून तिकडं गेले, चाकाखाली फळ्या सरकवायला. तेवढ्यात तुरतुरी आली, तिनं खिळ्यावर बिल्ला अडकवला, कोट चढवला आणि आत गेली. कॉलेजची बाकीची पोरं अजून यायची होती. अगदी मागच्या भिंतीशी, थप्प्यांच्या आडोशाला, आदल्या दिवशीच्या पेट्या वाकड्या लागल्या होत्या. त्या नीट करायला तिला मुकादमानंच सांगितलं होतं.

मामा चिखलानं माखून परत आले तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. खिळ्यावर एकच बिल्ला होता. त्यांनी आकडा वाचला. वहिनींचा. आणि वहिनींना तर त्यांनी आत्ताच येता येता पाहिलं होतं, टेबलाशी, कपाळाचा घाम पुसताना. मामा स्वतःशीच हसले. तरी सवयीनं त्यांनी दारातून आत हाक दिली, "कोण आहे का रे?" आतले पंखे घरघरत होते. उत्तर आलं नाही. मामांनी बिल्ला काढला, दिवा घालवला, खटका पाडला. सुट्टीत पोरं फळं उचलतात म्हणून मुकादमाचा हुकूम होता, त्याप्रमाणे कुलूपही घातलं आणि किल्ली मुकादमाला नेऊन दिली. मग पाय धुतले, चहा प्यायले, आणि बिल्ला घेऊन रमतगमत टेबलाशी आले.

"काय वहिनी, वय झालं वाटतं तुमचं! बिल्ला खिळ्यावरच विसरलात."

त्यांनी तो सफरचंदांच्या ढिगावर ठेवला. आईनं उचलला, पदराला पुसला, कनवटीला लावला आणि पुढचं फळ हातात घेतलं. फिरवून पाहिलं. डाग नव्हता. ते चांगल्यांत टाकायला तिनं हात उचलला आणि हात तसाच राहिला.

"मामा, दार?"

"लावलं की. केव्हाच."

 आईनं उठायचं म्हणून टेबल धरलं तर टेबलच कलंडलं आणि सफरचंदं ओटाभर गडगडत गेली. त्यांच्यावरून घसरत, पडत, उठत ती दाराशी पोचली. हे एवढं जाड दार. तिनं दोन्ही तळव्यांनी ते बडवलं. जाड गादीवर थापा माराव्यात तसा आवाज आला, बस.

"तुरतुरे! ए तुरतुरे!"

तिनं कान लावला. थंडाव्याच्या मोटारीची घरघर, बाकी काही नाही. मागं मामा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं आणि डोळ्यांत मात्र सगळं कळून चुकलं होतं.

"पोरगी आत आहे? वहिनी, पोरगी आत आहे?"

"किल्ली आणा हो! किल्ली!"

मामा त्या वयात धावले. मुकादम वजनकाट्याशी कुणाशी तरी हुज्जत घालत होता. तो आला तो चालत आला. लांबूनच म्हणाला, "काय आरडाओरडा लावलाय? माल पडला का?" मग आईचं तोंड बघून त्याची पावलं भरभर पडायला लागली. किल्ली कुलपात जाईना. तिसऱ्या खेपेला एकदाची गेली.

दार उघडलं. पांढरी वाफ पायांवरून बाहेर सरकली. दिवा लागला. दारामागं कुणीच नव्हतं. आईला वाटलं होतं, दार उघडताच पोरगी अंगावर येऊन पडेल, रडेल, शिव्या देईल. दाराच्या आतल्या पत्र्यावर, छातीएवढ्या उंचीवर, लाल ओरखडे होते. मोडक्या दांडीच्या थोटकालाही रक्त लागलं होतं.

ती सापडली मागच्या थप्प्यांच्या सांदीत. रिकाम्या पेटीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, अंगावर कोट, कोटावर गोणपाटं. डोळे उघडे होते. ओठ जांभळे. तिचे दात वाजत नव्हते. वाजत असते तर आईला बरं वाटलं असतं. मामांनी आपला सदरा काढून तिच्या पायांना गुंडाळला आणि लहान पोराला उचलावं तसं तिला उचललं.

दवाखान्यात गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, पांघरुणं घातली. हळूहळू पोरगी थरथरायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता भीती नाही. पण अंगावर तो कोट नसता तर मी हे सांगू शकलो नसतो." मग त्यांनी विचारलं, "आत काय करत होती ही?"

आई काही बोलायच्या आत मुकादम पुढं झाला. "आईला डबा द्यायला आली होती, डॉक्टर. पोरकटपणा, शिरली आत."

डॉक्टरांनी आईकडं पाहिलं. मुकादमानंही पाहिलं. आईची मान हलली. तिनं हलवली की आपली आपणच हलली, ते तिला नंतर कितीतरी वेळ कळेना. पण हलली, आणि वरखाली हलली.

बाहेर आल्यावर मुकादम हळू आवाजात म्हणाला, "बिल्ला दुसऱ्याच्या हातात दिलात, वहिनी. मालकांना कळलं तर आजच्या आज घरी. मी पांघरूण घालतोय तुमच्यावर. ध्यानात ठेवा."

घरी पोरीला चुलीजवळ निजवलं. बापानं खाटेवरून हात लांब करून तिचं डोकं चाचपलं आणि हात तिथंच ठेवला. टकळी बंद होती.  आई दार लावायला उठली तशी पोरगी पहिल्यांदा बोलली.

"लावू नकोस."

"वारा येतोय, बाळा."

"दार लावू नकोस, आई."

आईनं दार उघडं ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर पाठ टेकून बसली. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "मी डबा द्यायला आले होते?" त्यात राग नव्हता. खरंच विचारावं तसं विचारलं तिनं. आईनं पदर तोंडात कोंबला. रडण्याचा आवाज तरी आत राहू दे, एवढंच तिला जमलं.

सकाळी ती कामावर गेली. न जाऊन सांगते कुणाला? पाय मात्र एकेक मणाचा झाला होता. ओट्यावर पोचली तर सगळे हातावर हात ठेवून उभे. कोल्डाचं दार सताड उघडं होतं, आणि चौकटीत स्टूल टाकून मामा बसले होते. कालचाच चिखलाचा पायजमा, डोळे तारवटलेले.

"उठा मामा!" मुकादम ओरडत होता. "मोटार जळेल! दार लावा!"

"आत कोण आहे?" मामांनी विचारलं.

"कोणी नाही!"

"कालही कोणी नव्हतं." मामा जागचे हलले नाहीत. "आत कोण आहे ते मला खिळ्यावरून कळतं. या पोरांचं मला काही कळत नाही. एकेकाला बिल्ला द्या, मग लावतो. तोवर मी नाही लावणार. मला मारा हवं तर."

कॉलेजची पोरं भिंतीला चिकटून उभी होती. त्या दिवशी वर्गाला न जाता सकाळीच आली होती ती. मोटार दम लागल्यासारखी धापा टाकत होती. फाटकाशी ट्रॉल्या घेऊन आलेले बागवाले आत घुसले. "अहो, दार उघडं का? आमच्या फळाला घाम सुटेल! सगळा माल बसेल!" तेवढ्यात मालक आला. मालक कधी ओरडत नसे, म्हणून त्याची जास्त भीती वाटे.

"काय प्रकार आहे?"

"काही नाही मालक," मुकादम म्हणाला. "काल वहिनींची पोरगी डबा द्यायला आली आणि..."

"डबा द्यायला नव्हती आली."

कोण बोललं म्हणून सगळे वळले. आईही वळून बघणार होती. मग तिला कळलं, आपणच बोललो. पण सुरुवात झाली होती आणि ते मागं घेता येत नव्हतं.

"कामाला आली होती. रोज येते. मुकादमांनीच तिला मागच्या थप्पीला पाठवलं. तिला बिल्ला नव्हता, म्हणून माझा मी दिला. मामांची चूक नाही. त्यांनी माझा आकडा पाहिला आणि मला बाहेर पाहिलं."

"काल डॉक्टरांना काय सांगितलंत?" मालकानं विचारलं.

"खोटं सांगितलं. आज दवाखान्यात जाऊन खरं सांगणार आहे."

मालक तिच्याकडं बघत राहिला. मग बागवाल्यांकडं. मग उघड्या दाराकडं, जिथून थंडी पाण्यासारखी वाहून चालली होती. बागवाले आता मुकादमाच्या अंगावर चालले होते. मालकानं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"पत्रा कापा. या सगळ्यांना बिल्ले करून द्या, कोट द्या. ती आतली दांडीही बसवून घ्या." तो जायला वळला.

"आणि परीक्षेच्या दिवशी सुट्टी," भिंतीकडून एक पोरगा चिरक्या आवाजात म्हणाला आणि लगेच दुसऱ्याच्या मागं लपला.

"घ्या," मालक न थांबता म्हणाला. मग आईपाशी थांबला. "वहिनी, बिल्ला आतल्या माणसासाठी असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला बिल्ल्याची फार कदर आहे, तर आत वापरा. उद्यापासून टेबल बंद. तुम्ही रचाईला."

एवढं बोलून तो गेला. आईनं मान खाली घातली. कामावरून काढलं नव्हतं, यावर आनंद मानायचा की काय, ते तिला समजेना.

दुसऱ्या दिवसापासून ती आत गेली. दोन वर्षं ती त्या दारापासून हाताच्या अंतरावर बसत होती, आणि आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. श्वास घेतला की छातीत सुया टोचायच्या. पेटीच्या कडा बोटांना जाणवत नसत आणि बाहेर आल्यावर एकदम जाणवत. मागच्या सांदीत ती पहिल्यांदा गेली तेव्हा ती रिकामी पेटी अजून तिथंच होती. आईनं ती पायानं सरकवली, मग उचलून थप्पीच्या अगदी वर ठेवून दिली.

परीक्षा झाली आणि तुरतुरी म्हणाली, "मी येते उद्या कामाला."

आईचं धाबं दणाणलं. "डोकं फिरलंय का तुझं? पाय नाही टाकायचास तिथं!"

"मी गेले नाही तर मी डबाच द्यायला आले होते, आई." तिच्या बोटांवरच्या पट्ट्या अजून सुटल्या नव्हत्या. "भीती वाटते मला. पण जाणार."

ती आली. नवा बिल्ला, कडा अजून धारदार, पत्र्याचा वास येणारा. तिनं तो खिळ्यावर अडकवला, मागं वळून पाहिलं, परत एकदा चाचपला. मामांनी मोठ्यानं आकडा वाचला. आता ते प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचायचे आणि तोंडाकडं बघायचे. आत दोघी मायलेकी एकमेकींना पेट्या देत होत्या. टकळी सुरू झाली होती, पण दाराकडं पाठ करून पोरगी एकदाही उभी राहिली नाही.

संध्याकाळी सगळे बाहेर आले. एकेक बिल्ला उतरला, एकेक कोट परत गेला. आईनं आपला बिल्ला कनवटीला लावला. शेजारच्या खिळ्यावरचा पोरीनं काढला. खिळे रिकामे झाले. मामांनी दिव्याच्या बटणावर हात ठेवला.

"लावतो, वहिनी."

"थांबा मामा."

ती परत आत गेली. कोट न घालता. दिव्याखाली थप्प्या रांगेनं उभ्या होत्या, पंखे घरघरत होते. ती एका सांदीत डोकावली, मग दुसऱ्या, मग अगदी मागच्या. कुठं कुणी नव्हतं. तरी तिनं तोंडाशी हात धरून हाक मारली.

"तुरतुरे!"

"अगं आई, मी इथं आहे," दारातून आवाज आला. "तुझ्या मागं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली, आणि तिनं परत हाक मारली.